सुट्या भागांची निवड : असेंबल्ड संगणकाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रास्ताविक

संगणकाचा इतिहास सांगताना सामान्यतः शोधांचा व संशोधकांचा क्रम मांडला जातो. बॅबेजच्या यंत्रापासून सुरुवात होते. एनिअ‍ॅक, ट्रान्झिस्टर, मायक्रोप्रोसेसर हे टप्पे येतात आणि वैयक्तिक संगणक घरात आला की कथन थांबते. या संगणकाचे एक वैशिष्ट्य मात्र त्यात बहुधा नोंदले जात नाही. दूरचित्रवाणी संच किंवा शीतकपाट यांचे भाग वेगवेगळ्या उत्पादकांकडून निवडून घेऊन ते घरी जोडण्याचा विचार कोणी करीत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, रॅम तिसरीची अशी निवड करून सामान्य माणूस आपले यंत्र स्वतः उभे करू शकतो. हे स्वातंत्र्य कोठून आले व ते कोणाच्या हाती होते, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी खेळ आणि डिझाइन ही दोन्ही कामे एकाच यंत्राकडून करवून घेऊ पाहणारा ग्राहक केंद्रस्थानी ठेवला आहे. चित्रकला, वास्तुकला किंवा अ‍ॅनिमेशन शिकणारा विद्यार्थी हा त्याचा नेहमीचा नमुना होय. त्याच्याजवळ दोन यंत्रांइतका पैसा नसतो आणि एका यंत्राकडून त्याच्या अपेक्षा मात्र परस्परांपासून भिन्न असतात.

खुल्या रचनेचा उगम

जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हे यंत्र झळकले. न्यू मेक्सिकोतील मिट्स या छोट्या कंपनीचा हा संगणक ग्राहकाने सुट्या भागांच्या संचातून स्वतः डाग देऊन जोडायचा होता. येथे जोडणी ग्राहकाची असली तरी निवड त्याची नव्हती. संच ठरलेला होता. तथापि या यंत्रात शंभर पिनांची जी जोडपट्टी होती, तिच्यात बसणारी कार्डे इतर कंपन्या बनवू लागल्या. निवडीचे बीज या जोडपट्टीत आहे.

ते रुजले १२ ऑगस्ट १९८१ रोजी. त्या दिवशी आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या नेतृत्वाखालील चमूला तो सुमारे वर्षभरात सिद्ध करावयाचा होता. एवढ्या अवधीत सर्व भाग स्वतः घडविणे शक्य नसल्याने बाजारात उपलब्ध असलेले भाग घेण्यात आले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, आणि मदरबोर्डवर अन्य कार्डांसाठी पाच खाचा. आयबीएमने तांत्रिक माहितीपुस्तिकेत विद्युतमंडलाच्या आकृत्याच नव्हे, तर बायॉसची संपूर्ण संहिताही छापली. ग्राहकाला स्वातंत्र्य देण्याचा उदात्त हेतू यामागे शोधू नये. ही वेळेच्या टंचाईतून झालेली तडजोड होती. प्रोसेसरचा पुरवठा एकाच कंपनीवर अवलंबून राहू नये या आयबीएमच्या आग्रहामुळे १९८२ मध्ये इंटेलने एएमडी या कंपनीशी करार केला. आजचा ग्राहक इंटेल की एएमडी असा जो प्रश्न स्वतःला विचारतो, त्याचे मूळ या करारात आहे.

बायॉसची संहिता छापलेली असली तरी तिच्यावर स्वामित्वहक्क होता. कॉम्पॅक कंपनीने ती न पाहिलेल्या अभियंत्यांकडून, केवळ तिच्या वर्तनाच्या वर्णनावरून, नवी संहिता लिहवून घेतली आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये आपला सुसंगत संगणक जाहीर केला. १९८४ पासून फीनिक्स कंपनी अशी बायॉस इतरांना विकू लागली. यानंतर कोणीही मदरबोर्ड बनवावा आणि कोणीही तो विकत घ्यावा, अशी स्थिती निर्माण झाली. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ या मालिकेत मायक्रो चॅनेल ही परवानाबद्ध जोडपट्टी आणून दार पुन्हा लावून घेण्याचा प्रयत्न केला. पण तोवर बाजार तिच्या हातातून निसटला होता.

या खुल्या खाचांचा मराठीशी थेट संबंध आहे. संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटविणे ही १९८० च्या दशकातील मोठी अडचण होती. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेल्या संशोधनातून पुढे पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड विकसित केले. संगणकाच्या खाचेत हे कार्ड बसविले की भारतीय लिप्यांत काम करता येई. ज्या संगणकात परक्या कार्डाला जागा नाही, त्यात ही सोय होऊच शकली नसती. डिझाइनसाठी संगणक निवडणाऱ्या तत्कालीन मराठी मुद्रकाच्या विचारात म्हणूनच अमेरिकन ग्राहकाला ठाऊक नसलेली एक बाब असे : लिपीच्या कार्डासाठी एक खाच रिकामी राहते की नाही.

भारतीय बाजारपेठ

भारतात ही प्रथा उशिरा आली. परकीय चलन कायद्याच्या अटींमुळे आयबीएमने १९७८ मध्ये देशातील व्यवसाय गुंडाळला होता. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने निर्मिती व आयात यांवरील बंधने शिथिल केली, १९९१ च्या उदारीकरणाने त्यात भर घातली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सहभागी झाला आणि संगणक व त्याचे बहुतेक भाग यांवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत २००५ पर्यंत शून्यावर आले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, पुण्याची तपकीर गल्ली या बाजारांची भरभराट याच काळातील आहे. 'ब्रँडेड' आणि 'असेंबल्ड' ही जोडी तेव्हाच मराठी बोलण्यात रुळली. असेंबल्ड संगणक स्वस्त पडे आणि बिघडलेला भाग तेवढाच बदलता येई, ही त्याची बलस्थाने होती. त्यावर परवान्याविना सॉफ्टवेअर भरून देण्याची पद्धतही सर्रास होती. किमतीतील तफावतीचा काही वाटा तिच्याकडे जातो, हे इतिहासलेखनात झाकून ठेवण्याचे कारण नाही.

खेळ आणि डिझाइन : ग्राफिक्स कार्डाचे प्रकरण

निवडीचा खरा पेच ग्राफिक्स कार्डाने निर्माण केला. डिसेंबर १९९३ मध्ये आलेला 'डूम' हा खेळ चित्रे रेखाटण्याचे सर्व गणित प्रोसेसरकडून करवून घेई. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे वूडू कार्ड आले आणि हे गणित स्वतंत्र भागाकडे गेले. १९९७ च्या आरंभी 'क्वेक' या खेळाची त्यासाठी सुधारलेली आवृत्ती निघाली, तेव्हा फरक डोळ्यांना दिसू लागला. मात्र हे कार्ड केवळ त्रिमितीय चित्रे काढी. नेहमीच्या द्विमितीय पडद्यासाठी दुसरे कार्ड असावेच लागे व एका लहान केबलने पहिल्याचा संकेत वूडूमधून पडद्याकडे न्यावा लागे.

त्या काळातील डिझाइनरची निकड निराळी होती. फोटोशॉप, कोरलड्रॉ, पेजमेकर यांना रॅम भरपूर हवी, द्विमितीय चित्र स्वच्छ हवे, मॉनिटर चांगला हवा. वूडूवर खर्च केलेला पैसा त्यांच्या दृष्टीने वायाच होता. दोन्ही कामे करू पाहणाऱ्याच्या कॅबिनेटमध्ये त्यामुळे दोन कार्डे शेजारी शेजारी असत, आणि त्याच्या दोन आवडी त्याच्या यंत्रात अक्षरशः वेगवेगळ्या खाचांत बसलेल्या असत. एनव्हिडियाच्या रिव्हा १२८ सारख्या कार्डांनी १९९७ मध्ये ही दोन्ही कामे एका चिपवर आणली. १९९९ च्या जीफोर्स २५६ पासून 'जीपीयू' हा शब्द रूढ झाला. थ्रीडीएफएक्सने मधल्या काळात एसटीबी ही कार्डे बनविणारी कंपनी विकत घेऊन आपल्या नव्या चिपा इतर उत्पादकांना देणे थांबविले. इतर उत्पादक साहजिकच प्रतिस्पर्ध्याकडे वळले आणि डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सची बौद्धिक मालमत्ता एनव्हिडियाने घेण्याचे ठरले. पराभवाची अन्य कारणेही होती. तरी खुल्या बाजारात दार लावून घेणाऱ्याची जी गत आयबीएमची झाली, तिच्याशी असलेले साम्य लक्षणीय आहे.

येथून पुढे एक विचित्र विभागणी दिसते. तंत्रज्ञानाने खेळ व डिझाइन एका चिपवर आणले, व्यापाराने ते पुन्हा वेगळे केले. एनव्हिडियाने जीफोर्सच्या पाठोपाठ व्यावसायिकांसाठी क्वाड्रो ही मालिका काढली. दोहोंत मूळ चिप पुष्कळदा एकच असे, किंमत मात्र कितीतरी पटींनी भिन्न. काही हौशी मंडळींनी कार्डावरील रोधकांची जागा बदलून साध्या जीफोर्सला संगणकाकडून क्वाड्रो म्हणवून घेतले होते. व्यावसायिक कार्डांत अधिक स्मृती, काहींत स्मृतीतील चुका दुरुस्त करण्याची सोय आणि कॅडसारख्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांनी तपासून प्रमाणित केलेले ड्रायव्हर असतात, हे खरे आहे. पुलाचा आराखडा करणाऱ्या कार्यालयाला त्याचे मोल निश्चितच आहे. परंतु विद्यार्थ्याला जो फरक भोवला तो बहुतांशी ड्रायव्हरमधील होता. याचा स्वच्छ पुरावा २०१९ मध्ये मिळाला. फोटोशॉपमध्ये प्रत्येक रंगासाठी दहा बिटांचे चित्र दाखविण्याची सोय तोपर्यंत क्वाड्रोपुरती राखीव होती. त्या वर्षीच्या जुलैमध्ये ती एका नव्या ड्रायव्हरद्वारे जीफोर्सला मिळाली. कार्ड तेच होते, कुलूप तेवढे निघाले.

ही भिंत सॉफ्टवेअरच्या बाजूनेही खचत होती. ब्लेंडर हे त्रिमितीय सॉफ्टवेअर लोकवर्गणीतून एक लाख युरो उभारून ऑक्टोबर २००२ मध्ये खुले करण्यात आले. एनव्हिडियाच्या कूडा तंत्रामुळे ग्राफिक्स कार्डाकडून अन्य गणितही करवून घेता येऊ लागले, आणि २०११ च्या अखेरीस ब्लेंडरमधील सायकल्स हे रेंडर इंजिन त्याचा उपयोग करू लागले. खेळासाठी घेतलेले कार्ड अशा रीतीने रात्रभर अ‍ॅनिमेशनच्या चौकटी रेखाटू लागले. आईवडिलांपुढे कार्डाच्या किमतीचे समर्थन करताना हा युक्तिवाद अनेकांच्या उपयोगी पडला असणार!

खाच कोणाची?

ग्राहक भाग निवडतो, पण ते जेथे बसतात ती खाच दुसऱ्या कोणाची असते. सॉकेट ७ या एकाच बैठकीत इंटेल, एएमडी व सायरिक्स या तिन्ही कंपन्यांचे प्रोसेसर बसत. १९९७ मध्ये पेंटियम २ सोबत इंटेलने स्लॉट १ ही स्वतःची खाच आणली आणि एएमडीने १९९९ मध्ये अ‍ॅथलॉनसाठी वेगळी खाच केली. तेव्हापासून प्रोसेसरची निवड म्हणजे मदरबोर्डचीही निवड झाली. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेंटियम ४ ला आरंभी रॅमबस कंपनीची महागडी स्मृतीच चाले. त्याला चार पिनांची नवी वीजजोडणी लागे, म्हणजे जुना एसएमपीएसही निकामी. पुढच्याच वर्षी स्वस्त स्मृती चालविणारा चिपसंच आला, आणि आधी खरेदी केलेल्यांच्या हाती न वाढविता येणारे यंत्र उरले. याउलट एएमडीने रायझन प्रोसेसर २०१७ मध्ये ज्या एएम४ बैठकीवर आणले, तीवर २०२२ पर्यंतच्या अनेक पिढ्या बसल्या. आठ गाभ्यांचा प्रोसेसर सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आल्याने रेंडरिंग करणाऱ्याचे काम त्याच सुमारास सुकर झाले. खेळाला मात्र गाभ्यांच्या संख्येपेक्षा एकेका गाभ्याचा वेग अधिक महत्त्वाचा राहिला.

या इतिहासावरून निवडीचा क्रम उलगडतो. आधी कोणते सॉफ्टवेअर व कोणते खेळ चालवावयाचे ते ठरते, त्यावरून ग्राफिक्स कार्ड, मग त्याला साजेसा प्रोसेसर. मदरबोर्ड पाहताना आजच्या गरजेइतकीच त्या बैठकीची पुढील वाटचाल पाहावी लागते. सर्वांत दुर्लक्षित भाग एसएमपीएस. तो चित्राचा वेग वाढवीत नाही, म्हणून काटकसरीची कात्री तेथे प्रथम चालते. पण १९९९ ते २००७ च्या सुमारास सदोष कपॅसिटर फुगून जगभर असंख्य मदरबोर्ड व एसएमपीएस निकामी झाले, तेव्हा स्वस्त भागाची खरी किंमत अनेकांनी मोजली.

आकुंचन

अलीकडे निवडीचा हा परीघ आक्रसत आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने एम१ या चिपच्या आवरणातच स्मृती बसविली. खरेदीनंतर ती वाढविण्याचा मार्ग उरला नाही. २०२१ मध्ये कूटचलनाच्या खननासाठी ग्राफिक्स कार्डांची उचल झाल्याने विद्यार्थ्यांना ती मूळ किमतीत मिळेनाशी झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये ईव्हीजीए या जुन्या उत्पादकाने ग्राफिक्स कार्डांचा व्यवसाय सोडला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशियल या नावाने सामान्य ग्राहकांना होणारी स्मृतीची विक्री बंद करण्याचे जाहीर केले; कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांकडून असलेली मागणी हे कारण देण्यात आले. जगातील बहुतांश डीरॅम सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तीन कंपन्या बनवितात. त्यांपैकी एकीला सुटी रॅम विकत घेणारा ग्राहक आता नकोसा झाला आहे. इंटेलने १९९५ मध्ये ठरविलेले एटीएक्स मदरबोर्डचे ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर हे माप मात्र अद्याप प्रचलित आहे, आणि त्या काळातील कॅबिनेटच्या स्क्रूंची छिद्रे आजच्या मदरबोर्डशी जुळतात.