लोणारचें सरोवर

वऱ्हाडांतील लोणारच्या कड्यावर उभे राहून आम्ही खालीं पाहिलें, तों सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंदीच्या त्या वर्तुळाकार विवरांत, झाडीनें वेढलेलें हिरवट पाणी स्तब्ध होतें. येथें विष्णूनें लवणासुरास मारिलें, असें लोक सांगतात; एकोणिसाव्या शतकांतील पंडितांनीं ज्वालामुखीचें अनुमान केलें; १९७३ सालीं मात्र आघातानें काचरूप झालेल्या खनिजावरून तें उल्केचें विवर ठरलें. उपपत्ति बदलल्या, पाणी खारटच राहिलें. या क्षारांतच वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनीं २०२० सालीं तें गुलाबी केलें. त्यांत सांडपाणी मिसळत राहिलें, तर ही सृष्टि लोपेल. मग सहलीस येणाऱ्या आमच्या नातवंडांस केवळ एक तळें दिसेल, लोणार नव्हे.