थर्मोस्टॅटची शंभर वर्षं

"नागपुरात कसला आलाय थर्मोस्टॅट? काढून टाकू, गाडी थंड राहील." १९८९ च्या उन्हाळ्यात बाबांच्या मेकॅनिकने हे सांगितलं आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या त्यांच्या चिरंजीवाने, म्हणजे मी, जाणकारासारखी मान डोलावली. गाडी तापायची थांबली हे खरं. पण ती पेट्रोल जास्त पिऊ लागली आणि काही वर्षांनी इंजिन रिबोअर करावं लागलं.

ही आठवण वर आली ती इथे मिशिगनमध्ये, जानेवारीतल्या एका सकाळी. बाहेर उणे १५ आणि हीटरमधून गार वारा. तापमानाचा काटा मधल्या खुणेपर्यंत चढेचना. थर्मोस्टॅट उघडा अडकला होता. इथे जो बिघाड, तीच नागपुरात आम्ही पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती!

तर मंडळी, इंजिन गार करतो तो रेडिएटर. थर्मोस्टॅटचं काम त्याच्या उलट आहे. इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही. तो दारावरचा रखवालदार आहे.

सुरुवातीला हा रखवालदार नव्हता. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत थर्मोस्टॅट नसायचा, आणि सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर पाण्याचा पंपही नसायचा. गरम पाणी हलकं होऊन वर चढे, रेडिएटरमध्ये गार होऊन खाली उतरे, एवढंच. हिवाळ्यात लोक रेडिएटरपुढे पुठ्ठा किंवा घोंगडी बांधत. म्हणजे थर्मोस्टॅट होता, फक्त तो माणूस होता.

१९१४ मध्ये आलेल्या कॅडिलॅकच्या आठ सिलिंडरच्या इंजिनात हे काम यंत्राकडे आलं. यानंतरच्या थर्मोस्टॅटमध्ये असे ते धातूचे छोटे भाते. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलच्या हवामान खात्यात काम केलेल्या वेस्टन फुल्टन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असा बिनजोडाचा भाता तयार केला होता. त्यात लवकर वाफ होणारा द्रव भरून तोंड बंद करायचं. पाणी तापलं की आत वाफ होते, भाता फुगतो आणि झडप उघडते.

पण उघडायची किती अंशांना? तेव्हा पाणी गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल घालत, आणि ते लवकर उडून जातं. म्हणून झडप साधारण ७१ अंशांनाच उघडावी लागे. १९२७ पासून अमेरिकेत ग्लायकॉल मिळू लागलं, ते सहज उडत नाही. मग आकडा ८२ वर आणि पुढे ९० च्या आसपास गेला. त्यातच कूलंट दाबाखाली ठेवायची पद्धत आली आणि भात्यांची पंचाईत झाली, कारण बाहेरच्या दाबाने ते चेपतात आणि झडप उशिरा उघडते. यावर तोड होती सर्जियस व्हर्नेट यांच्याकडे. १९३० च्या दशकात त्यांनी भात्याऐवजी मेण वापरलं. वितळताना मेण फुगतं आणि दांडा ढकलतं, बाहेरच्या दाबाला ते दाद देत नाही. आजही बहुतेक गाड्यांत हेच मेण आहे.

आता मुद्द्याचं. त्याच दशकात ब्रिटनच्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने सिलिंडर का झिजतात याचा शोध घेतला. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. सिलिंडरची भिंत थंड असेल तर ती वाफ तिथेच दवासारखी जमते, आम्लं घेऊन, आणि धातू खाते. थंड इंजिनाची झीज घासण्यापेक्षा गंजण्याने जास्त होते. ४५ अंशांची नागपुरी हवासुद्धा ९० अंशांच्या इंजिनापुढे गारच! बाबांचं इंजिन याच कारणाने गेलं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण त्याला आम्ही हातभार लावला हे नक्की.

असो. बदलायचं काम सोपं आहे. इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं, थोडं कूलंट काढायचं, हाउसिंगचे बोल्ट सोडवायचे, जुनं पॅकिंग खरवडायचं. नवीन थर्मोस्टॅटची स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला येते, आणि हवा जाण्यासाठी छोटी पिन असेल तर ती वर. मग कूलंट भरून अडकलेली हवा काढायची. जुना तपासायचा असेल तर पाण्यात टाकून गरम करा आणि थर्मामीटर धरा. भांडं मात्र अडगळीतलं घ्या, ग्लायकॉल विषारी असतं. (सौ.चं पातेलं मी एकदाच घेतलं.)

हे सगळं बाबांना फोनवर सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे तेव्हा तू उगाचच मान डोलावलीस."

तुमची गाडी तापत असेल तर थर्मोस्टॅट बंद अडकलेला असू शकतो. मग तो जरूर काढा, पण त्या जागी नवा बसवा. जागा रिकामी ठेवू नका.