ग्रेडियंट निरसन (मोठ्या तेजोमेघांच्या छायाचित्रांतील)

आकाशाच्या छायाचित्रात एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे हळूहळू चढत जाणारा नकोसा उजेड म्हणजे ग्रेडियंट. तो मोजून चित्रातून वजा करणे म्हणजे ग्रेडियंट निरसन. बहुतेक दीर्घिका आकाराने लहान दिसतात. त्यांच्या भोवती मोकळे आकाश भरपूर मिळते आणि काम उरकते. मोठा तेजोमेघ मात्र चौकट काठोकाठ व्यापतो, आणि मेघ कुठे संपला नि आकाश कुठे सुरू झाले हे माणसालाच ठरवावे लागते. खरी मेख इथे आहे.

कारणे : शहराचा उजेड, चंद्र, क्षितिजालगतची धूळ आणि वातावरणाची स्वतःची दीप्ती (557.7 नॅनोमीटरची हिरवी रेषा त्यातलीच). भिंगामुळे काळवंडणारे कोपरे हा दोष निराळा. तो गुणाकाराचा असल्याने फ्लॅट फ्रेमने (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या चित्राने) भागून घालवतात; उजेडाचा थर बेरजेचा, म्हणून तो वजा करायचा. फ्लॅट न घेता सगळा भार वजाबाकीवर टाकण्याची सवय सर्रास आढळते आणि चित्र हमखास बिघडवते.

हडपसरचे उदाहरण : पुण्याच्या पूर्वेकडील या उपनगरात मगरपट्टा आणि अमानोराच्या इमारतींचा झगमगाट आहेच, शिवाय पश्चिमेपासून उत्तरेपर्यंत कॅम्प, विमाननगर, खराडी असे उजेडाचे कडे आहे. हंस तारकासमूहातील एनजीसी 7000, म्हणजेच उत्तर अमेरिका तेजोमेघ, ऑगस्टच्या सुरुवातीला मध्यरात्री मध्यमंडलावर असतो, पण तेव्हा वर ढगांचे छत. आभाळ निवळते ते दिवाळीच्या सुमारास. नोव्हेंबरच्या मध्याला रात्री आठ वाजता हा मेघ वायव्येला सुमारे 53 अंशांवर आणि दहा वाजता 33 अंशांवर असतो. म्हणजे चित्रण चालू असताना तो थेट शहराच्या उजेडात उतरत जातो.

दुर्बिणीची बैठक ताऱ्यांचा पाठलाग करते, क्षितिजाचा नाही. त्यामुळे या दोन तासांत चौकटीच्या हिशेबाने क्षितिजाची दिशा सुमारे 28 अंशांनी वळते. पहिल्या फ्रेममध्ये उजेड एका कोपऱ्याकडून येतो, शेवटच्या फ्रेमपर्यंत दिशा बदललेली असते आणि तो वाढलेलाही असतो. शेकडो फ्रेम एकत्र केल्यावर (स्टॅकिंग) उरतो तो साधा उतार नसून पीळ बसलेला पृष्ठभाग. म्हणून स्टॅकिंगपूर्वीच प्रत्येक फ्रेममधून पहिल्या घाताचे सपाट प्रतल वजा करणे श्रेयस्कर. सिरिल या मोफत प्रणालीत संपूर्ण मालिकेला ही क्रिया एका आज्ञेत लावता येते. तिच्या मार्गदर्शिकेतही हाच सल्ला आहे. स्टॅकनंतर उरलेसुरले काढताना हात आखडता ठेवावा. चौथ्या घाताची बहुपदी लावली की मेघाभोवती काळे कडे उमटते आणि अंधूक हायड्रोजन धुऊन निघतो.

नमुनाबिंदू (आकाशाचा उजेड मोजण्यासाठी चित्रात निवडलेल्या जागा) : 400 मिलिमीटरची दुर्बीण आणि एपीएस-सी सेन्सर यांची चौकट सुमारे 3.4 × 2.2 अंशांची. एनजीसी 7000 सुमारे दोन अंशांचा, म्हणजे चंद्रबिंबाच्या चौपट रुंद. शेजारचा पेलिकन मेघही आत आला की बिंदू ठेवायला जागा उरत नाही. मग नजर जाते 'मेक्सिकोच्या आखाता'कडे, एलडीएन 935 या काळ्या मेघाकडे. तिथला काळोख पुढे आलेल्या धुळीचा आहे आणि धुळीवरही लाली पसरलेली असते. तिथे एखादा बिंदू ठेवावा की नाही, यावर जाणकारांत एकमत नाही. 135 मिलिमीटरच्या भिंगाने चौकट जवळजवळ तिप्पट मोठी घेऊन आधी परिसर पाहून ठेवणे हा त्यावरचा निर्धोक मार्ग.

निकाल तपासताना सुधारलेल्या चित्रापेक्षा वजा झालेले उजेडाचे प्रारूप पाहावे. ते उघडून कॉन्ट्रास्ट ताणला की आखाताचा काठ किंवा पेलिकनची चोच त्यात पुसटशी उमटलेली दिसते का? दिसली तर उजेडाबरोबर मेघही गेला. बिंदू कमी करून पुन्हा करावे. ही सगळी क्रिया चित्र ताणण्यापूर्वी, रेषीय अवस्थेत करायची असते.

फिल्टर : हायड्रोजन-आल्फाचा (656.3 नॅनोमीटर) अरुंद पट्ट्याचा फिल्टर शहरी उजेड बराच अडवतो. ऑक्सिजनच्या 500.7 नॅनोमीटरच्या पट्ट्यात चांदणे जास्त नडते. रस्त्यावरचे जुने सोडियम दिवे 589 नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेले होते. एलईडीचा वर्णपट सलग असल्याने तो थोडाफार गळतोच.

सॉफ्टवेअर : सिरिल, पिक्सइनसाइट, ग्रॅक्सपर्ट. शेवटच्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेची पद्धत झटपट आहे; विस्तीर्ण अंधूक मेघांबाबत तिच्यावर किती विसंबावे, हे वादग्रस्त.

इतिहास : माक्स वोल्फ यांनी 1890 मध्ये या मेघाचे छायाचित्र घेतले, तेव्हा काचपट्टीवर वजाबाकीची सोय नव्हती.