गुण आणि शेरा

आपल्यापैकी जे पाटीवर शिकले त्यांना आठवत असेल, की चूक आणि तिची दुरुस्ती यांत तेव्हा फारसे अंतर नसे. मुलगा पाटी घेऊन गुरुजींपुढे जाई, गुरुजी बोट ठेवीत, आणि हातचा घ्यायचा राहिला हे तेथल्या तेथे कळे. पुढे पाटी गेली, वही आली, आणि वह्यांचा गठ्ठा गुरुजींच्या घरी जाऊ लागला. आठ दिवसांनी वही परत येई तेव्हा लाल फुली दिसे. पण गणित करताना मनात काय चालले होते, ते मुलगा विसरून गेलेला असे. विद्यार्थ्याला त्याच्या अभ्यासाविषयी तत्काळ सांगणारी जी ऑनलाइन साधने आज आली आहेत, त्यांचा इतिहास म्हणजे या आठ दिवसांच्या अंतराचाच इतिहास होय, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाचे सिडनी प्रेसी यांनी १९२४ मध्ये एक यंत्र दाखविले. प्रश्नाला चार पर्याय, यंत्राला चार कळा. बरोबर कळ दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न येत नसे. पण १९३२ मध्ये त्यांनी हा उद्योग सोडला. मंदीचे दिवस होते. शिक्षकच बेकार असता त्यांचे श्रम वाचविणारे यंत्र कोणाला हवे होते?

११ नोव्हेंबर १९५३ रोजी हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर मुलीच्या शाळेत चौथीचा गणिताचा तास पाहावयास गेले. काही मुले उदाहरणे संपवून रिकामी बसली होती, काही अडखळत होती, आणि आपले बरोबर की चूक हे कळायला सर्वांनाच दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचे होते. थोड्याच दिवसांत त्यांनी यंत्राचा नमुना बनविला. धडा इतक्या लहान पायऱ्यांत मांडायचा की चूक सहसा होऊच नये, असा त्यांचा बेत. आम्हांस तो तितकासा पटत नाही. मूल चुकलेच नाही, तर ते कसा विचार करते हे शिक्षकाला कळणार कोठून?

चुकीची खरी विचारपूस केली ती प्लेटोने. हा ग्रीक तत्त्वज्ञ नव्हे. इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर व त्यांचे सहकारी यांनी १९६० मध्ये सुरू केलेली ही संगणक-योजना. आरंभी एकच विद्यार्थी त्यावर बसू शके. सत्तरीच्या दशकात दूरदूरच्या शाळा-महाविद्यालयांतील शेकडो पडदे तारांनी एकाच संगणकाला जोडले गेले. तिच्यासाठी ‘ट्यूटर’ नावाची खास भाषा केली होती. तिच्यात धडा लिहिणारा शिक्षक बरोबर उत्तराबरोबरच अपेक्षित चुकीची उत्तरेही लिहून ठेवी आणि प्रत्येक चुकीला वेगळा शेरा योजी. मुलांची उत्तरे साठविली जात. ती वाचून शिक्षक आपला धडाही सुधारी. म्हणजे शेरा दोन्हीकडे पोहोचत होता. आमच्या मते या इतिहासातील मोलाची गोष्ट वेग नव्हे, ही आहे.

पुढे साधने स्वस्त झाली आणि गुण देणे फार सोपे झाले. येथेच गोम आहे. १९८८ मध्ये रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. प्रगती झाली ती केवळ शेरा मिळालेल्यांची. गुण दिसताच शेऱ्याचा उपयोग सरला, हे कोणाही पालकाला घरी प्रगतिपुस्तक उघडताना ताडून पाहता येईल.

२०२० मध्ये टाळेबंदीत आपल्याकडेही शाळा मोबाइलवर भरल्या. बहुपर्यायी चाचणीचे गुण क्षणात उमटले. वहीच्या पानांची छायाचित्रे मात्र शिक्षकांच्या फोनवर साचत गेली, आणि रात्री जेवणे आटोपल्यावर ते एकेका चित्रावर बोटाने खुणा करीत बसले. ज्या घरात फोन नव्हता, तेथली वही शाळा उघडेपर्यंत दप्तरातच राहिली.