टिकलेली पलटण

स्पर्धा उद्या असेल तर मैदानाला आज संध्याकाळीच पाणी पाजावं लागतं. त्याआधी माती चाळून घ्यायची. एकही खडा राहता कामा नये, नाहीतर सकाळी पहिल्याच पकडीत कुणाचा तरी गुडघा फुटतो. रात्रभर माती मुरते, पहाटे वाफसा येतो, मग रोलर फिरवायचा. दोरी ताणून तेरा बाय दहा मीटरची चौकट आखायची, मधोमध मध्यरेषा, तिच्यापासून पावणेचार मीटरवर निदानरेषा, आणखी एक मीटरवर बोनस रेषा. शेवटी फक्की मारायची. शिरूर आणि दौंडच्या पट्ट्यात मी हे काम वर्षानुवर्षं केलं. पुण्याच्या कबड्डी संघाची, पुणेरी पलटणची, वाटचाल मी याच मैदानावरून बघत आलो.

ही वाटचाल सांगायची तर आधी पुण्याच्या नावाने आलेल्या आणि गेलेल्या संघांची आठवण काढावी लागते. २०१२ साली वर्ल्ड सिरीज हॉकी भरली. आठ शहरांचे आठ संघ होते आणि त्यात पुणे स्ट्रायकर्स होता. हॉकी पुण्याला परकी कधीच नव्हती. धनराज पिल्ले खडकीचाच. पहिल्याच वर्षी स्ट्रायकर्स अंतिम फेरीत पोहोचला. २ एप्रिल २०१२ रोजी मुंबईत शेर-ए-पंजाबने त्याला ५-२ असं हरवलं. उपविजेता म्हणजे मोठी सुरुवात होती, पण पुढचा हंगाम आलाच नाही. ती स्पर्धा भारतीय हॉकी महासंघ आणि निंबस कंपनी यांची होती. पण आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता प्रतिस्पर्धी संघटनेकडे, हॉकी इंडियाकडे होती. तिने २०१३ मध्ये स्वतःची लीग काढली आणि त्या लीगमध्ये पुण्याचं नाव नव्हतं. वरच्या भांडणात खालचा संघ विरून गेला.

क्रिकेटमध्ये २०११ ला पुणे वॉरियर्स आला आणि २०१३ नंतर दिसला नाही. रायझिंग पुणे दोन हंगामांपुरताच होता, २०१७ ला अंतिम फेरी खेळून तोही संपला. फुटबॉलचा एफसी पुणे सिटी २०१४ ला उभा राहिला आणि २०१९ ला बंद झाला. प्रत्येकाची कारणं वेगळी. कुठे पैशाचा वाद, कुठे ठरलेली मुदत, कुठे तोटा. पण दरवेळी पोरांनी टी-शर्ट घेतले, खेळाडूंची नावं पाठ केली आणि पुढच्या वर्षी तो टी-शर्ट घालून शेतात पाणी धरलं.

अशा शहरात २०१४ च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. इथेही आठच संघ होते, त्यातला एक पुणेरी पलटण. नाव ऐकूनच आम्हाला आपलेपणा वाटला. घरचे सामने बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलातल्या बॅडमिंटन हॉलमध्ये होते. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलं गेलं, २००८ ला तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. म्हणजे छप्पर, गॅलरी, दिवे हे सगळं शहराकडे वीस वर्षांपासून तयार होतं. पलटणसाठी त्यात मॅट अंथरली, वरून झगमगाट सोडला. आमच्या दृष्टीने खरी नवलाई ही होती की कबड्डीचा सामना लोक तिकीट काढून बघायला येत होते.

खेळ मात्र साथ देईना. पहिल्या हंगामात पलटण आठ संघांत आठवी आली, दुसऱ्या हंगामात पुन्हा आठवी. दौंडहून रेल्वेने शिवाजीनगर आणि तिथून बसने बालेवाडी गाठणारी आमची मंडळी परतीच्या गाडीत गप्प बसून यायची. हाही संघ जाणार, असं तेव्हा मलाही वाटलं होतं.

तो गेला नाही. २०१६ मध्ये मनजीत छिल्लरसारखा अष्टपैलू कर्णधार आला आणि त्या एका वर्षात झालेल्या दोन्ही हंगामांत पलटण तिसरी आली. २०१७ ला लीग वाढली. हरियाणा, तमिळनाडू, उत्तर प्रदेश आणि गुजरातचे चार नवे संघ आले, बारा संघ झाले. खेळाडू तेवढेच आणि गिऱ्हाईक जास्त, म्हणून लिलावाचे आकडे चढू लागले. पहिल्या हंगामात सर्वात महाग ठरलेल्या राकेश कुमारला १२ लाख ८० हजार मिळाले होते. तिथून बोली कोटीत गेली. नावाजलेले खेळाडू घ्यायचे, हंगाम संपला की सोडायचे, या चक्रात पलटणही काही वर्षं अडकली.

तिची दिशा बदलली ती नवोदितांवर विश्वास टाकल्यावर. संघाने ‘युवा पलटण’ नावाने पोरांची फळी बांधायला घेतली. २०२१-२२ चा आठवा हंगाम कोरोनामुळे प्रेक्षकांविना बंगळुरूत झाला. त्या रिकाम्या हॉलमध्ये अस्लम इनामदार, मोहित गोयत, अबिनेश नादराजन ही नावं पहिल्यांदा ऐकू आली. अस्लम नगर जिल्ह्यातला. नगर म्हणजे शिरूरचा शेजार. टीव्हीवर त्याची चढाई बघताना आमच्याकडची मुलं म्हणाली, ‘सर, हा आपल्या बाजूचा आहे.’ मग त्याची पावलं नीट बघा, असं मी त्यांना सांगितलं. तो घाई करत नाही. कोपऱ्याला झुलवतो, बचावपटूला पुढे यायला लावतो आणि मग हात मारतो.

बी. सी. रमेश प्रशिक्षक झाले आणि २०२२ ला पलटण प्रथमच अंतिम फेरीत गेली. मुंबईत जयपूर पिंक पँथर्सकडून ३३-२९ असा पराभव झाला. पुढच्या हंगामात इराणचा मोहम्मदरझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना घेतला, पण कर्णधारपद अस्लमकडे आलं. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात अस्लम आणि आकाश शिंदे हे पलटणचे दोन मराठी खेळाडू होते. लीगमध्ये पलटणने २२ पैकी १७ सामने जिंकून अव्वल स्थान घेतलं. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून ती विजेती झाली. दहाव्या हंगामात पहिलं विजेतेपद. २०२५ मध्ये ती पुन्हा अंतिम फेरीत होती. दबंग दिल्लीने ती लढत ३१-२८ अशी जिंकली. हरल्याचं वाईट वाटलं, पण संघ जाईल अशी धास्ती यावेळी कुणाच्याच मनात नव्हती.

शहर एखाद्या संघासाठी कसं तयार होतं, हे या वाटचालीतून मला उमगलं. छप्पर आणि दिवे लवकर उभे राहतात. मालकही मिळतो. संघ हरत असतानाही त्याच्या पाठीशी उभी राहणारी माणसं मात्र त्या खेळाच्या मैदानांवरच घडलेली असावी लागतात. पलटण दोनदा तळाला गेली तेव्हा तिला धरून ठेवणारा प्रेक्षक गावोगावच्या मंडळांनी, जत्रेतल्या स्पर्धांनी आणि शाळेच्या मैदानांनी कधीच तयार करून ठेवला होता. १५ जुलैला, शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्या जयंतीला, महाराष्ट्र कबड्डी दिन पाळतो. बुवांनी आणि त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव हिंडून जी मेहनत केली, तिचंच व्याज आज बालेवाडीला मिळतंय.

एक दुवा मात्र अजून कच्चा आहे. मी शिकवलेल्या बहुतेक मुलांनी पहिली मॅट पाहिली ती थेट निवड चाचणीच्या दिवशी. एक मुलगी आठवते. मातीवर तिची पकड चुकत नसे. मातीत पाय थोडा घसरू देऊन दिशा बदलायची तिला सवय होती. मॅटवर उसने बूट घालून ती उतरली, वळायला गेली, बूट जागीच चिकटला आणि घोटा मुरगळला. पहिल्या पाच मिनिटांत ती बाकावर. पाय बर्फात धरून ती मला विचारत होती, ‘सर, मी काय चुकले?’ तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिला त्या मॅटवर आधी आठ दिवस खेळायला मिळायला हवं होतं, एवढंच.

म्हणून माझं मागणं साधं आहे. शिरूरला एक आणि दौंडला एक, छपराखालची मॅट असावी, आणि आठवड्यातले काही दिवस ती गावच्या शाळांसाठी राखून ठेवावी. बूट तिथेच ठेवावेत, सगळ्या मापांचे. माती सोडू नका. दम आणि पकड मातीतच तयार होते. पण सातवी-आठवीतल्या मुलाला दोन्हींवर पाय टाकता आला, तर बालेवाडी त्याच्यासाठी फक्त दौंडहून गाडीने जाण्याइतकी लांब राहील.

परवा पुन्हा मैदान पाजलं. त्या मुलीची धाकटी बहीण आता आमच्याकडे खेळते. दोरीचं दुसरं टोक तिनेच धरलं होतं.