स्वमग्नतेच्या कारणांचा शोध : आईच्या मायेपासून ताटातल्या भाकरीपर्यंत

१९६० साली ‘द लॅन्सेट’ या इंग्लंडमधील प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया या हैदराबादच्या दोन संशोधकांचा एक लेख आला. विषय होता पेलाग्रा हा विकार आणि ज्वारी. ज्वारी म्हटले की सोलापूर, बीड, धाराशिव या भागांतील शाळूची शेते आपल्या डोळ्यांसमोर येतात. धाराशिव जिल्हा, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद, १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यातच होता. दख्खनच्या पठारावरील गरिबांचे दोन्ही वेळचे जेवण भाकरीवर होई, आणि पेलाग्रा आढळे तो याच ज्वारी खाणाऱ्यांत. उन्हाला उघडी राहणारी मानेची व हातांची कातडी काळवंडून खरखरीत होई, जुलाब लागत आणि पुढे मन खचत जाई. उदासी, विसराळूपणा, भ्रम अशा पायऱ्यांनी हा आजार माणसाला वेड्यांच्या इस्पितळापर्यंत नेई. ज्वारीतील ल्यूसिन या घटकाचे आधिक्य शरीरातील नायासिनच्या कार्यात अडथळा आणत असावे, असे या संशोधकांचे म्हणणे होते. हा सिद्धान्त पुढे वादग्रस्त ठरला. तथापि आहार आणि मन यांचा धागा त्यांनी आपल्याच मातीत शोधला, हे विसरता येत नाही.

हा धागा नवा नव्हता. अमेरिकेच्या दक्षिण भागात मका खाणाऱ्या गरिबांत पेलाग्राने थैमान घातले होते आणि तो संसर्गजन्य आहे अशी बहुतेक डॉक्टरांची खात्री होती. १९१४ पासून जोसेफ गोल्डबर्गर यांनी ती समजूत खोटी ठरवण्याचा ध्यास घेतला. रुग्णांचे रक्त स्वतःला टोचून घेण्यापर्यंत आणि त्यांच्या विष्ठेच्या गोळ्या गिळण्यापर्यंत त्यांची मजल गेली. आजार झाला नाही. १९३७ साली एल्वेजेम यांनी निकोटिनिक आम्लाचे महत्त्व दाखवून दिले आणि दोष ताटातच होता हे सिद्ध झाले.

दुसरे उदाहरण याहून हृद्य आहे. नॉर्वेतील एका आईच्या दोन्ही मुलांची बौद्धिक वाढ खुंटली होती. मुलांच्या लघवीला चमत्कारिक वास येतो, असे ती डॉक्टरामागून डॉक्टराला सांगत राहिली. कोणी मनावर घेतले नाही. अखेर १९३४ साली अस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी ती लघवी तपासली आणि फिनाइलकीटोन्यूरिया या जन्मजात विकाराचा शोध लागला. अन्नातील प्रथिनांतून येणारे फिनाइलअलॅनिन या मुलांच्या शरीरात पचत नाही. ते साठत जाते आणि मेंदूला इजा करते. १९५३ साली हॉर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅम येथे ते जवळजवळ वगळलेला आहार एका मुलीला देऊन तिच्यात सुधारणा घडवून आणली. उपचार न मिळालेल्या अशा मुलांपैकी काहींची वागणूक थेट स्वमग्न मुलांसारखी असे. एका विकारात आहार बदलून मेंदू वाचतो, तर दुसऱ्यात का वाचू नये? प्रश्न रास्त होता. मात्र या यशाची पुण्याई स्वमग्न मुलांच्या आईबापांना पुढे फार महागात पडली.

स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांवरून केले. (मॉस्कोच्या ग्रून्या सुखारेवा यांनी १९२५-२६ मध्येच अशा मुलांविषयी लिहिले होते, परंतु त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.) ही मुले माणसांशी भावबंध जोडण्याची स्वाभाविक क्षमता जन्मतःच न घेता येतात, असे कॅनर यांनी त्या निबंधाच्या शेवटी म्हटले होते. त्यांपैकी अनेकांना अगदी तान्हेपणी भरवण्यात अडचणी आल्या होत्या, हेही त्यांनी टिपून ठेवले. पण त्याच निबंधात त्यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवले : बुद्धिमान, कामात गढलेले, काहीसे अलिप्त आईबाप. पुढच्या काही वर्षांत ‘जन्मतःच’ हा शब्द मागे पडला आणि थंड आईबाप तेवढे पुढे आले. १९६७ साली शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या ग्रंथात त्यावर कळस चढवला. आईला मूल मनोमन नको असते, हे मुलाला जाणवते आणि ते स्वतःभोवती तट उभारते, हा त्यांचा सिद्धान्त. स्वतः नाझी छळछावणी भोगलेल्या या माणसाने त्या मुलांची तुलना छावणीतील कैद्यांशी केली. मग पहारेकरी कोण, हे वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

आपल्याकडे हा ग्रंथ वाचलेली माणसे थोडी. पण आरोप आपल्यालाही परका नाही. गरोदरपणी डोहाळे पुरले नाहीत, ग्रहणात तिने विळी हाती धरली, पपई खाल्ली, नोकरीपायी मूल पाळणाघरात टाकले : बोट शेवटी आईकडेच वळते. बेटलहाइम यांनी सासूबाईंचे म्हणणे विद्यापीठाच्या भाषेत मांडले, एवढाच काय तो फरक!

हा आरोप खोडून काढण्याचे श्रेय एका बापाला जाते. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन नौदलातील मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा मुलगा स्वमग्न होता. उपलब्ध सारे वाङ्मय पालथे घालून १९६४ साली त्यांनी पुस्तक लिहिले. आईबापांच्या वागण्याने हा विकार होतो याला पुरावा नाही, कारण मेंदूत शोधले पाहिजे, असे त्यांनी त्यात ठामपणे मांडले. विशेष म्हणजे त्याला प्रस्तावना कॅनर यांचीच होती. १९६९ साली पालकांच्या सभेत कॅनर यांनी आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

१९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी इंग्लंडमधील जुळ्यांच्या एकवीस जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकसारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोन्ही भावंडे स्वमग्न निघाली. भिन्न जुळ्यांच्या दहा जोड्यांत एकही तशी नव्हती. एकाच आईने, एकाच घरात, एकाच मायेने वाढवलेली ही मुले. संख्या लहान होती, परंतु दिशा निश्चित झाली. २०१९ साली पाच देशांतील सुमारे वीस लाख मुलांच्या नोंदींवरून आनुवंशिकतेचा वाटा साधारण ८० टक्के असल्याचे अनुमान निघाले.

जैविक कारणे केवळ आनुवंशिकच असतात असे नाही. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. पोटात असताना तिची बाधा झालेल्या २४३ मुलांचा अभ्यास करून स्टेला चेस यांनी १९७१ साली दाखवले, की त्यांपैकी दहा मुले पूर्णपणे व आठ अंशतः स्वमग्न होती. सामान्य प्रमाणाच्या हे कित्येक पट अधिक होते. या नोंदीकडे आपण पुन्हा येऊ.

आता आहार. फिलाडेल्फियाचे कर्टिस डोहान यांनी १९६६ साली गव्हाच्या सेवनाचा संबंध छिन्नमनस्कतेशी जोडला होता. १९७९ साली याक पँकसेप यांनी स्वमग्नता आणि मेंदूतील अफूसदृश द्रव्ये यांविषयी तर्क मांडला. नॉर्वेच्या राइखेल्ट यांनी हे धागे एकत्र गुंफले. गव्हातील ग्लुटेन आणि दुधातील केसीन यांचे अर्धवट पचलेले तुकडे आतड्यातून रक्तात उतरतात आणि मेंदूवर अफूसारखा अंमल करतात, असा तो सिद्धान्त होता. ऐकायला सुसंगत, समजायला सोपा, आणि आईच्या हातात काहीतरी काम देणारा! तो वणव्यासारखा पसरला याचे नवल नाही.

धाराशिवच्या स्वयंपाकघरात हे पथ्य कसे दिसेल, याचा विचार केला की गंमत वाटते. अर्धे पथ्य तेथे पिढ्यान्‌पिढ्या पाळले जातच आले आहे. ज्वारीत ग्लुटेन नसते. भाकरी, तुरीचे वरण, शेंगदाण्याची चटणी यांत गहू कोठे येतो? धपाट्यात थोडासा आणि सणाच्या पुरणपोळीत. परंतु दूध? भूमच्या खव्याची आणि कुंथलगिरीच्या पेढ्यांची ख्याती असलेल्या जिल्ह्यात लहान मुलाच्या तोंडचे दूध, दही, ताक काढून घेणे ही साधी गोष्ट नव्हे. गरीब घरात ते उत्तम प्रतीच्या प्रथिनांचे आणि कॅल्शियमचे हाताशी असलेले साधन असते. बाजारातील महागडी पर्यायी दुधे सर्वांच्या आवाक्यातली नाहीत.

आणि एवढा त्याग करून पदरात काय पडते? २००२ साली नॉर्वेतील वीस मुलांच्या एका प्रयोगात पथ्याने सुधारणा झाल्याचे सांगितले गेले, पण कोणते मूल पथ्यावर आहे हे पालकांना ठाऊक होते. पालक वा निरीक्षक कोणालाच काही कळू न देता प्रयोग झाले तेव्हा चित्र पालटले. फ्लोरिडातील पंधरा मुलांच्या अभ्यासात (२००६) एकंदरीत लक्षणीय फरक दिसला नाही. रॉचेस्टर येथील चौदा मुलांच्या अधिक काटेकोर अभ्यासातही (२०१६) तो दिसला नाही. ज्या अफूसदृश तुकड्यांवर सारी इमारत उभी होती, ते २००८ साली इंग्लंडमध्ये स्वमग्न मुलांच्या लघवीत शोधले असता सापडलेच नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेतील एका अभ्यासात स्वमग्न मुलग्यांची हाडे अपेक्षेपेक्षा पातळ आढळली आणि दूध वर्ज्य केलेल्यांत ही उणीव अधिक होती. ज्यांना खरोखरच सीलिॲक हा गव्हाचा विकार आहे किंवा दूध सोसत नाही, त्यांची गोष्ट अर्थातच वेगळी.

आशा किती चिवट असते याचे सिक्रेटिन हे उत्तम उदाहरण आहे. १९९८ साली तीन मुलांना हे पाचक संप्रेरक टोचल्यावर त्यांची भाषा सुधारल्याचे वृत्त आले आणि औषधाचा तुटवडा पडला. पुढच्याच वर्षी साठ मुलांवर रीतसर चाचणी झाली. काहींना सिक्रेटिन, काहींना नुसते मिठाचे पाणी. दोन्ही गटांत सारखीच सुधारणा! निष्कर्ष सांगितल्यानंतरही ६९ टक्के पालकांना ते औषध हवेच होते. त्या पालकांना हसणे सोपे आहे. त्यांच्या जागी राहून पाहणे अवघड आहे.

१९९८ सालीच अँड्र्यू वेकफील्ड यांनी बारा मुलांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेला लस, आतड्याचा दाह आणि स्वमग्नता यांची सांगड घातली. डेन्मार्कमधील ५,३७,३०३ मुलांच्या २००२ सालच्या अभ्यासात तसा संबंध आढळला नाही. २०१० साली ‘लॅन्सेट’ने तो लेख मागे घेतला आणि वेकफील्ड यांचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. आता स्टेला चेस यांच्या नोंदीकडे पाहावे. पोटातील बाळाला रुबेलापासून, म्हणजे स्वमग्नतेच्या एका सिद्ध कारणापासून, वाचवणारी लसच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली गेली होती. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, तेव्हाही ही जुनी भीती पालकांच्या मनातून पुरती गेली नव्हती.

अन्नाचा संबंध मग अजिबातच नाही काय? आहे, पण तो वेगळ्या जागी. नॉर्वेतील ८५,१७६ मुलांच्या २०१३ सालच्या अभ्यासात, गर्भधारणेच्या आधी व सुरुवातीच्या आठवड्यांत फॉलिक ॲसिड घेतलेल्या मातांच्या मुलांत तीव्र स्वरूपाच्या स्वमग्नतेचे प्रमाण ०.१० टक्का, तर न घेतलेल्यांच्या मुलांत ०.२१ टक्का आढळले. हे निरीक्षण आहे, कारणाचा पुरावा नव्हे. तथापि मणक्याच्या जन्मजात दोषांपासून बाळाचे रक्षण होत असल्याने ती स्वस्त गोळी घेणे सर्वस्वी हिताचेच आहे.

आतड्यातील जंतूंविषयीही अलीकडे बरेच बोलले जाते. स्वमग्न मुलांच्या आतड्यातील जंतू वेगळे असतात, म्हणजे विकाराचे मूळ तेथे आहे, असा युक्तिवाद होतो. २०२१ साली ब्रिस्बेनच्या संशोधकांनी २४७ मुलांची तपासणी केली. त्यांपैकी ९९ स्वमग्न होती. त्यांना आढळले ते उलटेच होते. ही मुले मोजकेच पदार्थ खातात, म्हणून त्यांच्या आतड्यातील जंतूंची विविधता कमी होते.

भारतात पाच ठिकाणी झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यांत आपल्या शेजारचा उत्तर गोवा होता. दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे चार हजार मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण साधारणतः शंभरात एक निघाले. पलवलसारख्या गहू खाणाऱ्या भागात ही मुले होती, तशीच भात-मासळी खाणाऱ्या गोव्यातही होती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला मान्यता दिली आहे. शाळा व अंगणवाड्यांतील मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच सुरू झाला. बोलण्यास वा नजर देण्यास उशीर लागणारे मूल या तपासणीत लवकर लक्षात आले, तर बोलणे, खेळणे आणि संवाद यांचे प्रशिक्षण वेळीच सुरू करता येते.

आहारतज्ज्ञाचे खरे काम येथे सुरू होते. कॅनर यांनी १९४३ मध्येच टिपलेली भरवण्याची अडचण आजही घरोघर तशीच आहे. एखादे मूल केवळ पांढरा भात खाते, एखादे एकाच प्रकारच्या बिस्किटांवर जगते, भाजीचा स्पर्शही कोणाला सोसत नाही. अशा मुलांना ‘क’ जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी आजच्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पायदुखीमुळे चालणे थांबले आणि ती दुखणी आधी हाडांची वा रक्ताची समजली गेली. अशा मुलाच्या ताटातून आणखी दोन पदार्थ काढण्यापूर्वी त्याचे वजन, लोह, ‘क’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वे तपासून घ्यावीत. नवा पदार्थ पानात वाढावा तो चिमूटभर, आवडत्या पदार्थाच्या शेजारी, आणि तो खाण्याचा आग्रह न करता.