कट्यार, बिचवा व जंबिया : नांव आणि मूठ

जुन्या बखरी व पत्रें वाचतांना आम्हां संशोधकांची दृष्टि बहुधा शस्त्राच्या नांवापाशींच थांबते. 'कट्यार' असा शब्द आला कीं तळटीपेंत 'एक प्रकारचें लहान शस्त्र' एवढें लिहून पुढें जाण्याची वहिवाट आहे. आम्हींही पुष्कळ वर्षें तसेंच केलें. पुढें एका लहानशा प्रसंगानें ही वहिवाट किती अपुरी आहे हें आमच्या ध्यानांत आलें. तो प्रसंग आमच्या फजितीचा असला तरी वाचकांपासून लपविण्याचें कारण दिसत नाहीं.

जुन्या चंद्रपूर जिल्ह्यांतून २६ ऑगस्ट १९८२ रोजीं वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याच्या एका रानखेड्यांत आम्ही जुने कागद पाहण्यास गेलों होतों. कागद म्हणण्यासारखे कांहीं सांपडले नाहींत. परंतु आढ्याजवळ खोंचलेलें एक जड व पुढें वांकलेलें पातें दृष्टीस पडलें. आम्हीं तत्काळ टिपणवहींत 'खंजीर, बहुधा गोंडकालीन' अशी नोंद केली. घरधनी वृद्ध गृहस्थ होते. त्यांनीं तें पातें उचलून अंगणांतल्या बांबूवर दोन घाव घातले आणि हंसून म्हटलें, "गुरुजी, हा कोयता आहे. माणसासाठीं नाहीं, बांबूसाठीं." नोंद खोडावी लागली. पात्याचें वजन टोंकाकडे होतें, मूठ लांब व मोकळी होती, आणि धार एकाच अंगास होती. या तिन्ही गोष्टी आमच्या डोळ्यांपुढें असून आम्हांस दिसल्या नाहींत. कारण आम्ही आकाराला नांव देत होतों, उपयोग पाहत नव्हतों.

संस्कृत कोशांची या कामीं मदत थोडी होते. अमरकोशांत शस्त्री, असिपुत्री, छुरिका व असिधेनुका हे शब्द एकाच अर्थानें आले आहेत. असिपुत्री म्हणजे तलवारीची कन्या. यावरून लांबीचें प्रमाण कळतें. पातें सरळ कीं वांकडें, मूठ उभी कीं आडवी, याचा बोध होत नाहीं. अग्निपुराणांतील धनुर्वेदप्रकरण शस्त्रांचे यंत्रमुक्त, पाणिमुक्त, मुक्तसंधारित, अमुक्त इत्यादि वर्ग करतें. हातांतून न सुटणारी छुरिका अर्थातच अमुक्तांत जाईल. परंतु तलवार व छुरिका एका वर्गांत बसल्या तरी त्यांचे हात एक नव्हेत. याउलट लोकांच्या तोंडचीं नांवें पुष्कळ बोलकीं आहेत. बिचवा विंचवाच्या नांगीवरून आला, वाघनख आपला अर्थ आपणच सांगतें, आणि जंबिया हा शब्द कूस किंवा बाजू या अर्थाच्या अरबी शब्दापासून निघाला. कारण तो अंगालगत कमरेस बांधीत.

आतां या तीन हत्यारांची तुलना करूं. कट्यारीची मूठ आडवी असते. दोन समांतर पट्ट्यांमध्यें ती बसविलेली असून त्या पट्ट्या मनगटाच्या दोन्ही अंगांनीं मागें येतात. मूठ आवळली म्हणजे पातें पुढल्या हाताच्या सरळ रेषेंत येतें. म्हणून कट्यारीचा वार म्हणजे ठोशाप्रमाणें सरळ भोंसकणें. त्यांत खांद्याचें व पावलाचें सर्व बळ उतरतें. कित्येक कट्यारींचें टोंक मुद्दाम जाड केलेलें आढळतें, तें चिलखताच्या कड्या फोडण्यासाठीं. मात्र मनगट जवळजवळ जखडलें जातें, त्यामुळें वार फिरवितां येत नाहीं, आणि हात मागें घेण्यास जागा लागते.

बिचव्याचें पातें अरुंद व दुहेरी वांकाचें असून मूठ बहुधा कडीसारखी असते. बोटें त्या कडींत राहतात व तिनेंच तीं झांकलीं जातात. तो हलका, बाहींत लपणारा, आणि खालून वर चालणारा. त्यास जागा थोडी लागते. जंबिया रुंद, वांकडा, दुधारी, मध्यें उंच शिरेचा. तो कापतो व भोंसकतोही. तो सुलटा धरतां येतो तसाच उलटाही धरतां येतो, आणि एका पकडींतून दुसरींत जाणें हाच त्याच्या शिक्षणाचा गाभा होय.

येथें नांवांच्या घोटाळ्याचें एक उदाहरण देणें इष्ट आहे. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरींत जमधर व कटारा हीं दोन निराळीं हत्यारें आहेत. एगर्टन यांनीं १८८० सालीं हिंदी शस्त्रांची सूचि प्रसिद्ध केली; तींत या दोन नांवांची अदलाबदल झाली व पुढील ग्रंथकारांनीं तीच उचलली, असें गो. ना. पंत यांचें प्रतिपादन आहे. त्यांच्या मतें आडव्या मुठीच्या हत्याराचें खरें नांव जमधर. आमच्या मराठींतील 'जमदाढ' या शब्दाकडे पाहतांना हा वाद ध्यानांत ठेवला पाहिजे.

तो कां, हें प्रतापगडच्या प्रसंगावरून दिसेल. १० नोव्हेंबर १६५९ च्या भेटीचें वर्णन सभासदानें जिंजीस १६९७ च्या सुमारास लिहिलें. त्याच्या सांगण्याप्रमाणें खानानें महाराजांची मान काखेंत धरून जमदाढ कुशींत चालविली, ती अंगांतील कुडत्यावर खरखरली. आणि महाराजांनीं डाव्या हातचें वाघनख व उजव्या हातचा बिचवा चालविला. शिवभारतकार परमानंद संस्कृतांत लिहीत असल्यानें त्याच्या शब्दांवरून हत्याराची घडण कळत नाहीं. आम्हीं आडव्या मुठीची व कडीच्या मुठीची अशा दोन लांकडी प्रतिकृति करवून घेतल्या आणि एका माजी विद्यार्थ्याबरोबर ओसरीवर त्या मिठींत धरून पाहिल्या. आडव्या मुठीच्या हत्यारास मिठींत जोर लावण्यापुरती जागाच उरेना. कोंपर मागें नेतांच मिठी सैल होई. बिचवा मात्र त्याच जागेंत सहज वर चढे. वार फुकट जाण्याचें श्रेय अंगांतील संरक्षक वस्त्रास आहेच. पण जमदाढ जर आडव्या मुठीची असेल, तर हत्याराची निवड हेंही एक कारण मानावें लागेल. हा सिद्धान्त नव्हे, अनुमान आहे. परंतु केवळ पोथी वाचून हें अनुमानही सुचलें नसतें.

असें सुचण्यास तालमीचा थोडा संस्कार उपयोगी पडला. लहानपणीं चंद्रपुरांतील एका तालमींत आम्ही लांकडी जंबिया शिकलों. तमाचा, बाहेरा, शिर हीं हातांचीं नांवें त्या वेळीं आम्ही अर्थ न कळतां घोकीत असूं. वस्तादांचा भर वारावर नसे. पावलावर व रिकाम्या डाव्या हातावर असे. पात्याकडे पाहूं नका, मनगट पाहा, असें ते वारंवार बजावीत. निःशस्त्रानें सशस्त्राला आवरण्याची जी विद्या 'बंदेश' म्हणून प्रसिद्ध आहे, तिचेंही बीज हेंच. विदर्भांत अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें देशी व्यायामविद्येस शिस्त दिली व १९३६ सालीं बर्लिन येथें तिचे प्रयोग दाखविले. बडोद्यास द. चिं. मुजुमदार यांनीं त्याच सुमारास व्यायामज्ञानकोशाचें दहा खंडांचें कार्य आरंभिलें. तो कोश नसता तर यांतील कितीतरी हात आज नांवापुरतेही उरले नसते.

मग रानांत ही सुरीविद्या कां वाढली नाहीं? तेथील पुरुषाच्या खांद्यावर कुऱ्हाड असते. कट्यार व जंबिया हीं माणसानें माणसाशीं हातभर अंतरावर लढण्याचीं हत्यारें आहेत. वाघ किंवा अस्वल हातभर अंतरावर आल्यावर लहान पात्याचा उपयोग फारसा नाहीं. तेथें अंतर राखणारा दांडा हवा. शिवाय कुऱ्हाड रोज लांकूडही तोडते. शत्रु कोण व अंतर किती, यावरून हत्यार ठरतें. जातीच्या शौर्याच्या मापानें नव्हे. आमचा कायदाही हा भेद जाणतो : १९५९ च्या शस्त्रकायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत धरल्या आहेत, परंतु घरकामासाठीं व शेतीसाठीं घडविलेल्या वगळल्या आहेत.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच आहे. पात्याची लांबी मोजून कपाटांत ठेवण्यापूर्वीं मूठ कशी आहे, तोल कोठें पडतो, धार किती अंगांस आहे, झीज कोठें झाली आहे, आणि तें वापरणारा तें कसें धरीत असे, हें लिहून ठेवावें. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें जुलै २०२४ मध्यें साताऱ्यास आलीं, तेव्हां तीं महाराजांनींच वापरलीं असें सिद्ध करतां येत नाहीं, हें त्या संग्रहालयाचेंच म्हणणें होतें. वस्तु टिकली, तिची साक्ष तुटली. आमच्या वस्तादांचे हात आम्हीं वेळीं टिपून घेतले नाहींत; आतां ते नाहींत, आणि आम्हांस आठवतात ते पहिले कांहीं हातच. ज्यांच्या गांवीं असा एखादा वृद्ध वस्ताद अजून आहे, त्यांनीं पोथीच्या शोधास निघण्यापूर्वीं त्याच्या अंगणांत एक सकाळ घालवावी.